गुलालाचं एवढं वावडं असेल तर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

काल तुमच्या पेपरात एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र वाचलं. यात्रा-जत्रांसाठी पोरांची शाळा बुडवणाऱ्या पालकांना त्यांनी चांगलंच झापलंय. झापू देत, वयाचा मान आहे. पण त्यात शाहू महाराजांना कशाला ओढलं? महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड लावला, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पण माहितीय. पण सर, तो दंड पोरं शाळेत घालतच नव्हते त्यांना होता, पौर्णिमेला जोतिबाला जाऊन दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन वर्गात हजर होणाऱ्यांना नव्हता.

आता आमच्या घरचं ऐका. चैत्र यात्रेला डोंगरावर जायचं हे आज्यापासून चालत आलंय. गावाकडची सासनकाठी, म्हणजे देवाची उंच निशाणाची काठी असते, चुलते नाचवतात. धाकटी सहावीत आहे, तिला यंदा काठीचा दोर धरायचा होता, वर्षभर घोकत होती. त्या दिवशी पेपर नव्हता, नुसती रिव्हिजन होती, अर्ज आदल्या दिवशीच दिला होता. संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाई देवीच्या देवळाकडं निघाली आणि गुलाल-खोबऱ्याची अशी उधळण झाली की पोरगी ओळखू येईना. रात्री घरी येऊन आईनं दोनदा न्हाऊ घातलं, तरी भांगात आणि कानामागं गुलाबी राहिलंच. जोतिबाचा गुलाल एका धुण्यात जातो होय?

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर बाईंनी तिला व्हरांड्यात उभं केलं, सगळे वर्ग बघत जातात तिथं. डायरीत लाल पेनानं शेरा, ‘पाल्य अस्वच्छ, विनापरवानगी गैरहजर, पालकांनी भेटावे.’ भेटलो. म्हटलं बाई, अर्ज तुमच्या टेबलावरच आहे की. तर म्हणतात, अर्जात ‘यात्रा’ लिहिलं की मंजूर करता येत नाही, ‘कौटुंबिक कारण’ लिहायचं असतं. म्हणजे खोटं लिहिलं असतं तर पोरगी वर्गात बसली असती! शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, पोरांना मानसिक त्रास देऊ नका असं त्यात स्पष्ट लिहिलंय, ते कधी वाचलंय का बाईंनी? आणि हीच शाळा एका नेत्याच्या कार्यक्रमाला दोन वर्ग उन्हात नेऊन बसवते तेव्हा अभ्यास बुडत नाही वाटतं.

बरं हे फक्त आमचंच नाही. पोरीच्या वर्गातली जैन मैत्रीण दशलक्षण पर्वात येत नाही, मोहरमला आमच्या पेठेतली हिंदू पोरं पण पंजे बघत फिरतात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते, त्या दिवशी वर्गात किती पोरं असतात आणि किती सर असतात तेही एकदा मोजा. पूर्वी चैत्री यात्रेच्या आत परीक्षा उरकायच्या, आता एप्रिल संपेस्तोवर पेपर. हे शिक्षण खात्यानं ठरवलं पुण्यात बसून, आणि चैत्र पौर्णिमा काय पुण्याला विचारून येत नाही. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या असतात ना, त्यातली एक द्या की यात्रेला. आमच्या शाळेनं मागच्या वर्षी त्यातली एक संस्थाचालकांच्या घरच्या लग्नाला वापरली, मग जोतिबानंच काय घोडं मारलंय?

आणि संपादक साहेब, तुम्ही पण कमी नाही. यात्रेच्या दिवशी पहिल्या पानावर गुलालात न्हालेल्या पोराचा भला मोठा फोटो, खाली ‘चांगभलं’, आत चार पानं जाहिराती. त्या पोराची शाळा कुणी विचारली होती का? आठवडा झाला नाही तोवर उपदेशाचं पत्र चौकटीत छापून मोकळे.

जाता जाता, रोजच्या पंचांगाचा टाइप इतका बारीक केलाय की आमच्या म्हातारीला भिंग घेऊन बसावं लागतं, परवा तिनं एकादशी एक दिवस आधीच धरली. तेवढं मोठं करा. शब्दकोड्याची उत्तरं लहान छापली तरी चालतील.

आपला,
एक पालक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर