पलटणीचा आकडा कोरलेले पितळ मोडीत घालू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले की कोकणातल्या घरांत माळ्यावरची भांडी खाली उतरतात, घासूनपुसून लखलखीत होतात आणि नको असलेले पितळ मोडीत जाते. या मोडीत महायुद्धांतून परतलेल्या शिपायांनी आणलेल्या वस्तूही जातात. तोफगोळ्याच्या रिकाम्या पुंगळीवर वेलबुट्टी उठवलेली फुलदाणी, तांब्याची कागद कापायची सुरी, काडतुसांचा क्रूस किंवा पेटीवजा लायटर अशी त्यांची रूपे असतात. किलोच्या भावाने त्या विकणाऱ्यांना आपण काय विकतो आहोत हे कळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अशा वस्तू ‘खंदकात बनवलेल्या’ म्हणून ओळखल्या जातात. पण त्यातल्या मोठ्या वस्तू खंदकात बनणे कठीणच होते. पितळ ठोकता ठोकता ताठर होते आणि तडकते, म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवून नरम करावे लागते. नळकांडे दबू नये म्हणून आत वाळू, शिसे किंवा राळ भरावी लागते. भाता, ऐरण आणि मोकळा वेळ ज्यांच्यापाशी होता असे पिछाडीच्या कारखान्यांतले कारागीर, इस्पितळात बरे होत असलेले जखमी आणि युद्धकैदी यांनीच बहुतेक कामे केली. काही वस्तू तर बाजारातल्या कारागिरांनी सैनिकांना विकण्यासाठी घडवल्या. पुंगळ्या सरकारी मालमत्ता होत्या आणि पुन्हा भरण्यासाठी परत करावयाच्या होत्या, तरीही त्यातल्या कितीतरी घरी आल्या. तांब्याच्या सुरीची गोष्ट मला विशेष वाटते. तोफगोळ्याच्या अंगावर तांब्याचे कडे असते. ते तोफेच्या नळीतल्या आट्यांत रुतून गोळ्याला फिरकी देते. सुरीच्या पात्यावर तिरके चरे उरले असतील, तर ते कडे एकदा खरोखर तोफेतून गेलेले असते.

वस्तू देखणी आहे की ओबडधोबड, यापेक्षा तिच्यावर काय कोरले आहे ते महत्त्वाचे आहे. पुंगळीच्या बुडाला बहुधा साल आणि कारखान्याची खूण ठोकलेली असते. अंगावर शिपायाने स्वतः कोरलेला पलटणीचा आकडा, गावाचे किंवा मुलुखाचे नाव असते. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ हे मराठा पलटणींचे जुने आकडे आहेत. १९२२ च्या फेररचनेत त्या अनुक्रमे ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या रेजिमेंटच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. त्यामुळे जुना आकडा दिसला, तर कोरीव काम पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे असण्याची शक्यता मोठी. महार शिपायांचे आकडे तर आणखी दुर्मिळ असणार, कारण १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे आंबडवे गाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच आहे, याची आठवण आपल्या वाचकांना करून द्यायला नको.

इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ब्रिटिश भारतीय फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांची ती शिबंदी शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले, कितीतरी वाटेत संपले आणि उरलेल्यांपैकी अनेकांना सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपले. इराकच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आहेत. हवालदार आणि शिपाई मात्र पलटणवार आकड्यांतच मोजले आहेत. दगडावर ज्याचे नाव नाही, त्याचे नाव एखाद्या लोट्यावर असू शकते. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, ही अभिमानाची गोष्ट; पण त्यांच्यासारखा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, न मिळालेल्यांचा माग लागायचा तर तो अशाच वस्तूंतून.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत कोकणवासीयांना माझी विनंती आहे. चिंच, कोकम आणि राखेने घासघासून उथळ कोरीव अक्षरे कितीतरी घरांत पुसट झाली आहेत. ती आधी तिरप्या उजेडात वाचून घ्यावीत, छायाचित्रे काढावीत आणि मगच कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकावी. वस्तू कोणी आणली, कुठून आणली, हे घरातल्या वयस्कर मंडळींना विचारून कागदावर उतरवून ठेवावे. आजीची हकीकत ऐकीव असली तरी तिची नोंद करावी, पारख नंतर करता येईल. पुंगळीच्या टोकाला गोळा बसवलेला असेल, किंवा बुडाची टोपी (बार पेटवणारा भाग) उडालेली नसल्याची शंका असेल, तर ती हलवू किंवा घासू नये, सरळ पोलिसांना कळवावे. शंभर वर्षे जुनी स्फोटकेही जिवावर बेततात.

ज्यांना वस्तू घरात ठेवायची नसेल, त्यांनी ती विकण्यापूर्वी मराठा पलटणीची असल्यास बेळगावच्या रेजिमेंटल केंद्रातील संग्रहालयाला, आणि महार पलटणीची असल्यास मध्य प्रदेशातील सागरच्या केंद्राला छायाचित्रासह पत्र लिहावे. आपल्या दैनिकानेही आठवड्यातून एकदा अशा एका वस्तूचे छायाचित्र आणि तिच्यावरचा मजकूर छापावा, ही विनंती. एका घरातला आकडा दुसऱ्या घरातल्या पत्राशी किंवा पदकाशी जुळू शकतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)