तो नाकतोडा नव्हे, तुडतुडा!

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘अंबरमधला नाकतोडा’ ही बातमी वाचली (अंबर म्हणजे झाडाची जीवाश्म झालेली राळ). विषय निवडल्याबद्दल अभिनंदन, पण मथळ्यातच घोळ झाला आहे. छायाचित्रातला ‘मिमाप्लॅक्स एक्रिप्सन’ हा जीवाश्म कीटक नाकतोडा नव्हे, तुडतुडा. नाकतोडा ‘ग्रासहॉपर’, हा ‘प्लँटहॉपर’; पण इंग्रजी नावाच्या शेपटाला ‘हॉपर’ दिसले की नाकतोडा लिहून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी खोड. नाकतोडा पाने कुरतडतो. तुडतुड्याला कुरतडायला जबडाच नाही. तो सोंड खुपसून रस ओढतो.

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात कृषी सहाय्यक म्हणून माझी नोकरी गेली, त्यामुळे हा प्राणी ओळखीचा. बांधीत (धानाच्या शेतात) उतरून धानाचा चूड, म्हणजे रोपांचा झुपका, हाताने हलवला की बुडाशी, पाण्याच्या जरा वर बसलेले तपकिरी तुडतुडे टुणटुण उडतात, काही पाण्यावर पडतात. दुर्लक्ष झाले तर हिरव्या बांधीत जळल्यासारखे गोल चट्टे पडतात. (कपाशीवरच्या हिरव्या किडीलाही आपण तुडतुडाच म्हणतो. ती जरा लांबची नातेवाईक. धानावरच्या तपकिरी तुडतुड्याच्या मिशा डोळ्यांच्या खालून फुटतात, भिंगातून लगेच कळते.)

हा जीवाश्म ‘राळेत दबून चपटा झाला’ असे बातमीत आहे. तेही उलटे. 2019 मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले ते याच चपटेपणासाठी. झाडाच्या सालीला चिकटून बसले की शत्रूला दिसू नये, अशी ही ठेवण. घराणेच सोंगाड्यांचे आहे! सैबेरियात बैकालपलीकडे सापडलेल्या एका भाऊबंदाच्या पंखांवर कोळ्यासारखी नक्षी आहे. त्यावरूनच 2007 मध्ये या कुळाला ‘कोळ्याची नक्कल करणारे’ अशा अर्थाचे नाव मिळाले.

आणि तो चीनमध्ये सापडलेला नाही. संशोधकांत चिनी होते, पण तृणमणी (हा सुंदर शब्द असताना ‘अंबर’ कशाला?) म्यानमारच्या काचिन प्रांतातल्या हुकाँग खोऱ्यातला, सुमारे 9.9 कोटी वर्षांपूर्वीचा. तिथल्या खाणींचा ताबा 2017 मध्ये लष्कराने घेतला. या व्यापारातून युद्धाला पैसा जातो म्हणून 2020 मध्ये ‘सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी’ या जीवाश्म-अभ्यासकांच्या संघटनेने संशोधनपत्रिकांना पत्रे लिहून तिथल्या नव्या नमुन्यांवरचे लेख थांबवण्याची विनंती केली. बातमीत यावर दोन ओळी हव्या होत्या.

पुढच्या वेळी प्रतिनिधी सुरत जिल्ह्यातल्या ताडकेश्वरला पाठवा. तिथल्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीतही पाच कोटी वर्षांपूर्वीचा तृणमणी निघतो, आत किडे-मुंग्यांसकट. तोवर शुद्धिपत्रात मथळ्यातला तो एक शब्द तेवढा बदला.

– एक निवृत्त कृषी सहाय्यक, जि. भंडारा