मुक्ताला, बुकप्लेटविषयी

नौपाडा, ठाणे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या दिवंगत मैत्रिणीच्या पुस्तकांत पुठ्ठ्याच्या आत चिकटवायच्या चिठ्ठीचे, म्हणजे बुकप्लेटचे, तिन्ही नमुने पाहिले. समई आणि सरस्वती काढून टाक, ती कुणाच्याही पुस्तकावर चालतील. तिची खरी खूण म्हणजे तिने समासात पेन्सिलीने काढलेला तो पक्षी. तोच घे. पान ६०० डीपीआयवर स्कॅन कर, पण रेघ गुळगुळीत करू नकोस. थरथर राहू दे.

मजकुरात नाव, 'यांच्या स्मरणार्थ' आणि जन्म-मृत्यूची वर्षं. देणाऱ्यांची नावं नकोत, ती यादी कुठेच थांबत नाही! अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको. बारीक अक्षरात अनुस्वार आणि रफार शाईने भरतात. आकार ६.५ × ९ सेंमी ठेव, म्हणजे ए-फोरवर नऊ बसतात. २०० पुस्तकांना २३ कागद लागतील, तू २५ छाप.

छपाई लेझरवर कर. साध्या इंकजेटची शाई खळीच्या ओलाव्याने फुटते. कागद आम्लमुक्त, १०० जीएसएमचा घे. त्याचे तंतू चिठ्ठीत उभे, म्हणजे पुस्तकाच्या पाठीला समांतर हवेत. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. दिशा चुकली की सुरकुत्या पडतात, पुठ्ठाही वाकतो. ओळखायला एक तुकडा एका बाजूने ओला कर: त्याची नळी होते, तिची लांबी ज्या दिशेला, तीच तंतूंची दिशा.

स्टिकर तर मुळीच नको, त्याचा गोंद वर्षांनी कडेने पाझरून डाग पाडतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ कर: एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत अर्धा तास, मग गाळून घे. मोरचूद घालू नकोस, त्याने कागद आम्लधर्मी होतो. कसर लागू नये म्हणून खळ पातळ लाव आणि नीट वाळव. खळ लावल्यावर दोन मिनिटं थांब, चिठ्ठी फुगून झाली की चिकटव. वर टिपकागद आणि वजन, रात्रभर. पावसाळ्यात हे काम काढूच नकोस, इथल्या दमट हवेत खळीला बुरशी येते.

पुस्तकं ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात द्यायची असतील, तर आधी विचारून घे की दाखल क्रमांक आणि शिक्का कुठे पडतो. संस्था १८९३ सालची, पद्धती ठरलेल्या असणार. आणि ज्या पुस्तकात पहिल्या पुठ्ठ्याच्या आत लेखकाची सही किंवा तुझ्या मैत्रिणीचं स्वतःचं काही लिहिलेलं असेल, त्यात चिठ्ठी शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत लाव.

तुझी,
आई