ॲक्चुएटर निवडताना थंडीचा हिशेब करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

12 ऑगस्ट 2021 रोजी इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ10 या रॉकेटची मोहीम फसली, ती द्रव हायड्रोजनच्या टाकीवरील व्हेंट व्हॉल्व्ह (जादा वायू बाहेर सोडणारी झडप) गळल्याने टाकीतला दाब घटला म्हणून. एवढासा भाग, पण सगळे त्यावर अडले. द्रवइंधनाच्या इंजिनावर प्रकल्प करणाऱ्या आपल्या सांगली-मिरजेच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांना व्हॉल्व्ह जुळवून देणाऱ्या कुपवाडच्या वर्कशॉपवाल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ॲक्चुएटर, म्हणजे हवेच्या दाबावर व्हॉल्व्ह उघडबंद करणारे यंत्र, निवडताना नेहमीची चूक टॉर्कमध्ये (फिरवायला लागणाऱ्या जोरात) होते. समजा, बॉल व्हॉल्व्ह (आत भोक असलेला गोळा फिरवून उघडणारा) एरवी 20 न्यूटन-मीटरला उघडतो. द्रव ऑक्सिजनच्या उणे 183 अंशांना बॉल जिच्यावर टेकतो ती टेफ्लॉनची सीट आक्रसते, कडक होते. तेव्हा दुप्पट, म्हणजे 40 धरा. त्यावर दीडपट राखीव घेतले की 60. हे 60 कॅटलॉगातल्या 8 बार हवेच्या दाबाच्या रकान्यात शोधू नका, लांब नळीतून ॲक्चुएटरपर्यंत खरोखर 5 बारच पोचत असतील तर 5 बारच्या रकान्यात शोधा. ॲक्चुएटर स्प्रिंग रिटर्न (हवा गेली की स्प्रिंगच्या जोरावर परत फिरणारा) असेल तर बंद होण्याच्या शेवटी स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी असतो. तो पुरला नाही तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. वीज किंवा हवा गेली तर मुख्य व्हॉल्व्ह बंद व्हायला हवेत आणि टाकीचा व्हेंट उघडायला हवा. ऑर्डर देतानाच हे लिहून द्या.

ॲक्चुएटर थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवू नये. आतले नायट्राइल रबरचे सील गारठून काचेसारखे ठिसूळ होतात. मध्ये स्टेनलेसचा लांब ब्रॅकेट आणि लांब स्पिंडल घ्या. कॉम्प्रेसरच्या हवेतली वाफ गोठते, म्हणून कोरडा नायट्रोजन वापरा. हाताशी असलेले साधे ग्रीस ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला चुकूनही लावू नका, ते पेट घेते.

आणखी एक, जे हमखास राहून जाते. बंद बॉलच्या पोकळीत द्रव ऑक्सिजन अडकला आणि तापला, तर त्याचा वायू सुमारे 860 पट जागा मागतो आणि बॉडी फुटू शकते. तो वायू निघून जायला बॉलला टाकीच्या बाजूने बारीक भोक हवे. मग तो व्हॉल्व्ह एकाच दिशेने चालतो. बॉडीवर बाण कोरून ठेवा.

चाचणी आधी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनवर, मोकळ्या हवेत घ्यावी. बंद खोलीत गुदमरण्याचा धोका असतो. व्हॉल्व्ह पुरता गारठू द्या, मग दहा वेळा उघडझाप करून लिमिट स्विचने (व्हॉल्व्ह टोकाला पोचला की खूण देणाऱ्या स्विचने) प्रत्येक वेळ मोजा. वेळ दर फेरीला वाढत गेली, तर तो ॲक्चुएटर इंजिनावर चढवू नका.

– एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)