कार्ड बिघडलं की आधी त्याची इमेज काढा

संपादक साहेब,

मेमरी कार्डातले फोटो उडाले की लोक रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट कार्डावरच चालवतात, ते बघून जीव तुटतो म्हणून हे लिहितोय. आधी पूर्ण कार्डाची इमेज काढा हो, म्हणजे फाइली कॉपी करणं नाही, तर पहिल्या सेक्टरपासून (म्हणजे कार्डातल्या साठवणीच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटच्यापर्यंत सगळं जसंच्या तसं एका फाइलीत, डिलीट झालेल्या फोटोंचे उरलेले तुकडेसुद्धा त्यात येतात. लिनक्सवर यासाठी डीडी कमांड आहे, पण कुठून वाचायचं आयएफ आणि कुठे लिहायचं ओएफ हे दोन उलटे झाले तर ती काही विचारत नाही, सरळ कार्डावरच लिहून मोकळी होते, म्हणून आधी एलएसबीएलके ही जोडलेल्या डिस्क-कार्डांची यादी दाखवणारी कमांड चालवून साइजवरून कार्ड ओळखा आणि अनमाउंट करा, म्हणजे सिस्टीमपासून सोडवा, पण काढू नका. ३२ जीबीचं कार्ड अर्धं रिकामं असलं तरी इमेज पूर्ण कार्डाएवढीच होते.

कार्ड खराब व्हायला लागलं असेल तर साध्या डीडीच्या नादी लागू नका, ती पहिल्याच रीड एररला थांबते. जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा, ते आधी चांगला भाग काढून घेतं, अडलेल्या जागी नंतर परत येतं, आणि मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी फाइल, दिली असेल तर मध्येच बंद पडलं तरी तिथूनच पुढे चालू होतं, मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते कारण शेवटचे श्वास घेणारं कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावणं म्हणजे ते घालवणंच. मग इमेजच्या कॉपीवर फोटोरेक हे उडालेले फोटो शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवा, कितीही वेळा.

टेक्नॉलॉजीच्या पानावर हे एकदा सविस्तर, स्क्रीनशॉटसकट छापा ना.

- एक वाचक