माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत, त्याबद्दल

प्रिय ताई,

ख्रिस्तात सलाम.

चर्चमध्ये 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मी गप्प असायचे आणि 'तुझे नाव पवित्र मानले जावो'पासून सगळ्यांच्या आवाजात मिसळायचे. बाप म्हटलं की मला दाराची कडी वाजलेली आठवायची, आणि तिच्यासरशी घरातली बोलणी थांबलेली. हे तुमच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या कुणी मला समजावलं असतं की देव तसा बाप नाही. ते मला ठाऊकच होतं हो! तुम्ही एवढंच म्हणालात, "अडतंय तिथे प्रभू म्हण. त्याला कळतं."

मग एकदा मी तुमच्यासमोर प्रार्थना केली. किती अध्याय वाचले, कोणता उपास मोडला, कुणावर रागावले, असा सगळा हिशेब. तुम्ही मध्येच थांबवलंत. प्रार्थनेत कुणी असं अडवतं का, म्हणून मला रागच आला. तुम्ही बायबलमधला लूकचा 15 वा अध्याय उघडून 19 आणि 21 ही दोन वचनं लागोपाठ वाचायला लावलीत.

उधळ्या पुत्राची गोष्ट मला पाठ होती, पण हे कधी दिसलं नव्हतं. बापाची मालमत्ता उधळून बसलेला धाकटा मुलगा घरी परतून जे बोलायचं दूरदेशी ठरवतो, त्यात शेवटी 'मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा' असं आहे. घरी आल्यावर तेवढंच राहून जातं. बाप तोवर झगा आणायला सांगून मोकळा झालेला असतो. आणि थोरला, घर न सोडलेला, तोही 'इतकी वर्षं चाकरी करतोय' म्हणतो. दोघंही मजुरीच्या भाषेत बोलतात. मी थोरलीच होते.

देव आपल्याला मुलं म्हणून दत्तक घेतो, हा प्रेषित पौलाच्या पत्रांतला 'दत्तकपणा' तुम्ही झटकन उलगडलात: रोमी रिवाजात दत्तक बहुधा मोठ्या माणसालाच घेत, आणि तो वारस होई. 'अब्बा', म्हणजे अरामी भाषेतला 'बापा', यावर मात्र आपण बराच वेळ बसलो. तो लाडाचा शब्द, माझ्यासाठी नाही, असं मी धरून चालले होते. शुभवर्तमानांत तो एकदाच येतो, मार्क 14:36 मध्ये, गेथशेमानेत. मरणाच्या आदल्या रात्री येशू दुःखाचा प्याला दूर कर अशी विनवणी करतो, तेव्हा. आणि प्याला काही दूर होत नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द आहे म्हटल्यावर तो मला जमेल असं वाटलं.

कडीचा आवाज अजून आठवतो. तो गेला असं लिहिलं तर खोटं होईल.

गेल्या रविवारी मी पहिल्या शब्दापासून म्हटलं, अगदी हळू. तुम्ही पुढच्या बाकावर होतात. तुम्हाला ऐकू गेलं, हे तुमच्या खांद्यांवरून कळलं. तरी तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत. त्याचेही आभार.

तुमची,
मागच्या बाकावरची