गणिताचा पेपर 'कठीण' होता, हे चार वाजता कोणाला कळतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या गणिताच्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रात एक चौकट असते. दोन-तीन शिक्षकांची मतं, एखाद्या मुलीचा फोटो, आणि वर मथळा: 'गणिताने घाम फोडला' किंवा 'गणिताने दिलासा दिला'. आमच्याकडे गुजरात बोर्डाचा पेपर सव्वाला सुटतो. चारपर्यंत ही मतं गोळा झालेली असतात. तोवर एकही उत्तरपत्रिका उघडलेली नसते. मग शिक्षक कशावरून सांगतात? प्रश्नपत्रिका वाचून. मला या वाचण्याबद्दलच लिहायचं आहे.

मी शिक्षिका नाही. बडोद्यात दांडिया बाजारात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. शाळांच्या पूर्वपरीक्षा, ट्यूशन क्लासच्या रविवारच्या टेस्टा, बी.एड.वाल्यांचे प्रकल्प, एम.एड.चे प्रबंध, सगळं माझ्याकडे टाइप होतं. वर्गमूळाची आणि छेद-अंशाची चिन्हं नीट बसवणारं आसपास फार कोणी नाही, म्हणून गणित माझ्याच वाट्याला येतं. मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही माध्यमांचं. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस गणित शिकत नाही, पण गणिताचे पेपर कसे बनतात ते शिकतो.

पेपरासोबत संविधान तक्ता लागतो. कुठल्या धड्याला किती गुण, आणि सोपे, मध्यम, कठीण यांचं प्रमाण किती. नियमाने तक्ता आधी आणि प्रश्न नंतर. माझ्याकडे प्रश्न आधी येतात आणि तक्ता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. प्रमाण जमलं नाही तर एक प्रश्न 'मध्यम'मधून उचलून 'कठीण'मध्ये टाकायचा. प्रश्न तोच राहतो, फुली सरकते. कोणाची तक्रार आल्याचं मला आठवत नाही.

सीबीएसईने सोपे-मध्यम-कठीण ही नावंच बदलून पाहिली. त्यांच्याकडे दहावीचं गणित दोन पातळ्यांचं, अवघड ते स्टँडर्ड आणि सोपं ते बेसिक. स्टँडर्डमध्ये 54 टक्के गुण स्मरण आणि आकलनाला, 24 टक्के उपयोजनाला आणि 22 टक्के विश्लेषण वगैरे वरच्या पायऱ्यांना असतात. बेसिकमध्ये हेच 75, 15 आणि 10. कागदावर छान दिसतं. पण प्रश्न कुठल्या पायरीवर बसतो हे प्रश्नावर ठरत नाही. सरांनी तो आदल्या आठवड्यात फळ्यावर सोडवला असेल तर तो स्मरण, नसेल तर विश्लेषण. 'लीप वर्षात 53 रविवार येण्याची संभाव्यता किती?' हा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याला चांगला विचार करायला लावतो. आमच्या गल्लीतलं प्रत्येक दहावीचं पोर मात्र प्रश्न संपायच्या आत 'दोन सप्तमांश' म्हणून मोकळं होतं. त्याला 'दोन फासे टाकले, गुणाकार नऊपेक्षा कमी' असं विचारा. सूत्र काहीच नाही, छत्तीस जोड्या मांडून मोजायच्या आणि सोळा निघतात. तिथे पेन थांबतं.

माझ्याकडे येणाऱ्या एका क्लासच्या सरांना एक चांगली खोड आहे. टेस्ट टाइप होऊन आली की मुलांना द्यायच्या आधी ते प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिहितात, किती जणांना पूर्ण गुण पडतील. तपासून झालं की शेजारी खरा आकडा. ती वही त्यांनी मला दाखवली. त्यातलं एक पान सांगण्यासारखं आहे. अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं, त्रिज्या 3.5 सेमी, एकूण उंची 15.5 सेमी. एका गटाला घनफळ विचारलं, दुसऱ्याला पृष्ठफळ. सरांच्या लेखी दोन्ही सारखेच, दोन सूत्रं लावा आणि बेरीज करा. घनफळ बहुतेकांना आलं. पृष्ठफळात निम्म्याहून अधिक पोरं पडली, आणि सगळी एकाच जागी. घनफळ नुसतं मिळवत गेलं तरी चालतं. पृष्ठफळात मात्र शंकूचा तळ आणि अर्धगोलाचं तोंड एकमेकांना चिकटून आत गेलेलं असतं, ते वर्तुळ मोजायचं नसतं. पोरांनी दोघांची 'एकूण पृष्ठफळं' मिळवली. उत्तर 214.5 चौसेमी, आणि त्या गटातल्या निम्म्याहून अधिक वह्यांत 291.5. जो माणूस वीस वर्षं हे गणित करतो त्याला ते वर्तुळ दिसतही नाही, तो ते आपोआप सोडून देतो. म्हणून त्याला प्रश्न सोपा वाटतो.

उलटंही होतं. त्रिकोणातलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय सिद्ध करा, चार गुण. तक्त्यात 'कठीण'. पण ज्यांना बाकी काही येत नाही अशा मुलांनीही ते घोकून ठेवलेलं असतं, आकृतीसकट, आणि त्यावरच त्यांची गाडी पास होते.

एका एम.एड.च्या प्रबंधात मी टाइप केलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसून राहिली आहे. इंग्लंडमध्ये 2015 साली तिथल्या परीक्षा-नियंत्रक संस्थेने, ऑफक्वालने, सोळाव्या वर्षीच्या गणित परीक्षेचे चार मंडळांचे नवे नमुना पेपर तपासले. जाणकारांना 'हा प्रश्न किती कठीण' असं विचारलं नाही. दोन प्रश्न शेजारी ठेवायचे आणि यातला जास्त कठीण कोणता एवढंच सांगायचं, मग पुढची जोडी. अशा असंख्य निवाड्यांतून प्रश्नांची उतरंड निघते. ही रीत थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाची, 1927 सालची. शिवाय तेच पेपर खऱ्या मुलांकडून सोडवून घेतले. मंडळांच्या पेपरांची पातळी एकसारखी नाही असं निघालं आणि त्यांना नमुने बदलायला लावले. त्याच वर्षी तिथे एका मंडळाच्या पेपरातल्या गोळ्यांच्या प्रश्नावरून मुलांनी केवढा गहजब केला होता. पिशवीत n गोळ्या, सहा नारिंगी, एकामागून एक दोन खाल्ल्या, दोन्ही नारिंगी असण्याची संभाव्यता एक तृतीयांश, तर n² − n − 90 = 0 हे दाखवा. संभाव्यता येते, वर्गसमीकरणही येतं. दोन धडे एका प्रश्नात हात मिळवतात तेव्हा ते येत नाहीत. आपल्याकडे धडा संपला की टेस्ट, टेस्ट संपली की धडा बंद. ही अडचण इथे निराळी असेल असं मला वाटत नाही.

जोड्यांचा तो खेळ मी काउंटरवर करून पाहिला. दोन-दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्या छापल्या आणि झेरॉक्सला येणाऱ्यांपुढे ठेवल्या. शिक्षकांचं एकमेकांशी बऱ्यापैकी जमलं. अकरावीच्या पोरांचंही आपसात जमलं. शिक्षकांचं आणि पोरांचं खेळण्याच्या त्या चिठ्ठीवर अजिबात जमलं नाही. याला मी संशोधन म्हणत नाही, दुपारचा वेळ जात नव्हता.

बोर्डाचा पेपर आधी मुलांना देऊन बघता येत नाही हे मला कळतं. फुटला तर काय होतं ते आपण सगळे जाणतो. पण नंतर तर मोजता येतं. तपासनीस प्रत्येक उत्तरापुढे गुण लिहितोच. नेहमी सगळ्या उत्तरपत्रिकांचीही गरज नाही, प्रत्येक जिल्ह्यातल्या काही हजार घेतल्या तरी पुरे. बी.एड.च्या पुस्तकात हिशेब दिलेला आहे: एकूण गुणांनी वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के घ्या, प्रत्येक प्रश्न दोन्हीकडे किती जणांना आला ते पाहा. वरच्यांना आला, खालच्यांना नाही, तर प्रश्नाने आपलं काम केलं. दोन्हीकडे सारखाच आला किंवा दोन्हीकडे आला नाही, तर त्या प्रश्नाचा उपयोग काय? शिकाऊ शिक्षक तीस-चाळीस मुलांच्या वर्गावर हे करतात आणि मी ते सुबक तक्त्यात बसवून देते. बोर्डाला ते जमू नये?

एक खाच मात्र आहे, आणि ती चौकटीतल्या मतांत कधीच येत नाही. आमच्या गुजरात बोर्डाच्या पेपरात पर्याय भरपूर. ब विभागात 13 पैकी 9, क मध्ये 9 पैकी 6, ड मध्ये 8 पैकी 5. मुलं प्रश्न निवडतात. अवघड दिसणारा प्रश्न हुशार मुलंच घेतात, त्यामुळे त्याची सरासरी चांगली येते आणि तो सोपा ठरतो. सोपा दिसणारा सगळेच घेतात आणि त्याची सरासरी घसरते. तेव्हा किती गुण पडले याच्याबरोबर किती जणांनी तो सोडून दिला हेही छापावं लागेल. सोडून देणं हेही मुलाचं उत्तरच आहे.

आपण म्हणाल, एवढं कशाला? पेपर झाला, निकाल लागला, संपलं. पण दहावीच्या फॉर्मवर बेसिक की स्टँडर्ड हे लिहावं लागतं. आमच्याच घरात माझ्या भाचीवरून वाद झाला. तिला गणित बरं येतं. तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, स्टँडर्ड घे. माझ्या दादाने आपल्याच पेपरातलं दोन वर्षांपूर्वीचं कात्रण काढून दाखवलं, 'स्टँडर्डचा पेपर विद्यार्थ्यांना जड'. वहिनी म्हणाली, टक्के गेले तर? मी विचारलं, कोणाला जड, कुठला प्रश्न जड, किती जणांना? ते कात्रणात नव्हतं, कुठेच नव्हतं. शेवटी बेसिकवर टिकमार्क झाली. अकरावीत तिला गणित घ्यायचं मनात आलं तर ती टिकमार्क आडवी येऊ शकते, याचा विचार त्या संध्याकाळी कोणी केला नाही. मुलींच्या बाबतीत हे जरा जास्तच पटकन होतं असं मला दुकानात फॉर्म भरून देताना दिसतं.

2016 मध्ये सीबीएसईच्या बारावीच्या गणिताच्या कठीण पेपराचा विषय थेट लोकसभेत निघाला होता. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या जेईई मेन्समध्ये वेगवेगळ्या सत्रांचे पेपर कमी-जास्त कठीण असतात म्हणून 2019 पासून पर्सेंटाइल (त्याच सत्रातली किती टक्के मुलं आपल्या मागे) काढतात, म्हणजे तिथे कोणाला मत विचारतच नाहीत, मुलांच्या गुणांवरूनच हिशेब होतो. दहावीच्या पोरांच्या वाट्याला मात्र चार वाजताचं मत.

तेव्हा विनंती अशी. येत्या मार्चमध्ये फोन करायचाच असेल तर शिक्षकांना 'पेपर कसा होता' असं विचारू नका. 'ड विभागातल्या आठ प्रश्नांपैकी कुठले तीन मुलं सोडून देतील, आणि खेळण्याच्या प्रश्नात कितीजण ते वर्तुळ मोजतील' असं विचारा आणि उत्तर नावानिशी छापा. निकालानंतर गांधीनगरला बोर्डाकडे प्रश्नवार आकडे मागणारा अर्ज आपल्या बातमीदाराने माहितीच्या अधिकारात टाकावा. अर्ज मी फुकट टाइप करून देईन, गुजरातीत.

आपली,
दांडिया बाजारातली एक डीटीपीवाली, बडोदा
(माझी गिऱ्हाइकं हाच पेपर वाचतात, म्हणून नाव छापू नये.)